विजेची फायरप्लेस: एक हिवाळा वापरल्यावर

जाळाकडे बघत बसायचं वेड मला लहानपणापासून. निवृत्त झालो की बैठकीत फायरप्लेस बसवायची, हे कधीचं ठरवून ठेवलं होतं. ही म्हणाली, "बसवा. पण नातू आला की मी त्याच्यामागे धावायचं की तुमच्या जाळामागे, तेवढं आधी सांगा." नातू दोन वर्षांचा. चमकणारी कुठलीही वस्तू आधी हाताने तपासतो, मग जिभेने.

लाकडाची फायरप्लेस तिथेच बाद झाली. मनातून मला तीच हवी होती, पण उघड्या जाळाची बरीचशी धग धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. शिवाय लाकूड नीट वाळलेलं हवं, ओल 20 टक्क्यांच्या आत. ओलं लाकूड धुमसतं, धुराड्यात आतून डांबरासारखा चिकट थर धरतो आणि एक दिवस तो थरच पेटतो. म्हणून दरवर्षी धुराडं साफ करून घ्यायचं. आमच्या घराला धुराडंच नाही.

गॅसवाली घ्यायची तर बंद काचेची, जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी घ्यावी. पण तिची काच 200 अंशांच्या वर तापू शकते, त्यामुळे पुढे जाळी लावावीच लागते. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. तुम्हाला कळेपर्यंत उठायचं त्राण उरलेलं नसतं.

खरा फसणार होतो तो इथेनॉलच्या फायरप्लेसला. दुकानात पेटवून दाखवली तेव्हा अक्षरशः हरखलो. खरी ज्वाला, धूर नाही, राख नाही, चिमणी नाही! विक्रेत्याला विचारलं, "इंधन संपल्यावर पुन्हा कधी भरायचं?" तो म्हणाला, "विझली की लगेच भरा." आयुष्यभर कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की मान आपोआप खोक्यातल्या माहितीपत्रकाकडे वळते. त्यात ठळक अक्षरांत होतं: बर्नर पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कारण असं, की इथेनॉलची वाफ जेमतेम 13 अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि भरपूर उजेडात तिची बारीक ज्योत डोळ्यांना दिसतच नाही. विझली समजून वरून कॅन ओतला की जाळ वाफेवरून उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅनच्या तोंडातून पिचकारीसारखा समोरच्याच्या अंगावर येतो. अशा भाजण्यात माणसं दगावली आहेत. आणि चिमणी नाही म्हणजे जळून झालेलं सगळं खोलीतच राहणार. लिटरभर इथेनॉल जळलं की त्यातून नऊशे ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होते, वर कार्बन डायऑक्साइड वेगळाच. खिडकी किलकिली ठेवावी लागते. थंडीत खिडकी उघडी ठेवण्यासाठी फायरप्लेस घ्यायची?

शेवटी विजेची आणली. तिच्यात जाळ खरा नसतो, काचेआड दिव्यांनी दाखवलेला असतो; ऊब देतो तो आतला हीटर. 1000 आणि 2000 वॅट असे दोन टप्पे, हीटर बंद ठेवून नुसता जाळ बघायचीही सोय. घेताना मी एका गोष्टीवर अडून बसलो: गरम हवा सोडणारी जाळी वरच्या बाजूला हवी. बरीच मॉडेल्स खालून हवा फेकतात, म्हणजे नेमकी रांगत्या मुलाच्या तोंडावर. घरी आल्यावर लेझर थर्मामीटर लावला. तासभर चालल्यावर काच 34 अंश, जाळी 78. काचेला हात लावलेला चालतो, जाळीला नाही, आणि जाळी नातवाच्या हाताच्या वर आहे. जास्त तापली तर आपोआप बंद होते. मुद्दाम पुढे कलती करून पाहिली, तेव्हाही बंद झाली. पडदे आणि सोफा मीटरभर लांब सरकवले.

आता माझा गाढवपणा. सॉकेट कोपऱ्यात होतं, म्हणून घरातला एक्स्टेन्शन बोर्ड लावला. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपियर, आणि बोर्डाची वायर सुतळीएवढी. तिसऱ्या संध्याकाळी जळक्या प्लास्टिकचा वास आला. प्लग काढला तर एक पिन काळीनिळी, बोर्डाचं भोक वितळून लांबट झालेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना याच गोष्टीवरून झापत आलो होतो! हिला आठवडाभर सांगितलं नाही. आता स्वतंत्र सॉकेट काढून घेतलंय आणि अधूनमधून प्लगला हात लावून बघतो.

तक्रारी आहेत. पंखा 2000 वर घरघरतो, टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवावा लागतो. बाजूने बघितलं तर जाळ चपटा दिसतो, आणि तेच ते नारिंगी लोळ पुन्हा पुन्हा येतात. डावीकडचा एक मी आता ओळखतो. मोठी खोली यावर तापणार नाही, पायांपुरती ऊब मिळते. वीजही खाते: दोन तास पूर्ण जोरात म्हणजे चार युनिट. पहिल्या दिवशी धूळ जळाल्याचा वास येतो, तेवढ्याने घाबरू नका.

एक गोष्ट मात्र माझ्या यादीतच नव्हती. नातू काचेला नाक लावून "फू" करतो, मी शालीखालून रिमोट दाबतो, जाळ विझतो, तो टाळ्या पिटतो. परवा ही म्हणाली, "जाळाला हात लावला तरी काही होत नाही, हे शिकवताय तुम्ही त्याला." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून काचेसमोर जाळीचं कुंपण उभं केलंय, आणि तो जवळ गेला की आम्ही दोघं एका सुरात ओरडतो, "हाऽ आहे, हाऽ!" काच असते 34 अंश.