क्रॉल स्पेस: व्हेंट उघडे ठेवावेत की जागा बंदिस्त करावी?

क्रॉल स्पेस म्हणजे घराच्या जमिनीखालची, सरपटतच शिरता येईल अशी बुटकी मोकळी जागा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जुने घर घेणाऱ्याला आज ना उद्या तिच्याबद्दल हा निर्णय घ्यावाच लागतो. पायाच्या भिंतीतले व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, उघडे ठेवून मातीवर 6 मिल (इंचाचा सहा हजारांश) जाडीचे प्लास्टिक अंथरावे, की व्हेंट बुजवून, जाड प्लास्टिक भिंतींवर चढवून आणि आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र, बसवून घराखालची सगळी जागाच बंदिस्त करावी? रॅली शहराजवळच्या आमच्या घराने दोन्ही व्यवस्था पाहिल्या आहेत. छपराच्या पन्हाळीचे पाणी पायापाशीच पडत असेल किंवा अंगणाचा उतार घराकडे असेल, तर कोणताही पर्याय निवडला तरी पैसे पाण्यातच जातील. ते काम आधी उरकलेले आहे, असे मी गृहीत धरतो.

उघड्या व्हेंटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खर्च बहुधा काहीशे डॉलरांत भागतो, बिघडणारे यंत्र नसते आणि वीजबिल वाढत नाही. शिवाय वारा खेळता राहिला की ओल जाते, हे कोकणात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. अडचण इथल्या हवेची आहे. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, अनेकदा 70 अंश फॅरनहाइटच्या वर असतो आणि घराखालची माती व तुळया त्याच्या आसपास किंवा त्याहून थंड असतात, त्यामुळे व्हेंटमधून शिरलेला वारा ओल घेऊन जाण्याऐवजी घेऊन येतो.

तरीही तुळयांवरचे बुरशीचे डाग मी कदाचित सोसले असते. लाकूड सुकवून आणि घासून ते आटोक्यात येतात. सोसवले नाहीत ते एसीची हवा खोल्यांत नेणारे घराखालचे नळ, म्हणजे डक्ट. त्यांतून साधारण 55 अंशांची हवा वाहते, आणि वरचे वेष्टन जिथे जरासे फाटलेले असेल तिथे उन्हाळाभर पाणी ठिबकत राहते. तुळयांमधले फायबरग्लासचे उष्णतारोधक अस्तर ते पाणी पिते, जड होते आणि लोंबू लागते. कोपरांवर सरपटत जाऊन, तारेचा आधार देऊन ते वर ढकलावे, तर काही दिवसांत शेजारचा तुकडा खाली आलेला असतो. घर खालची हवा वर ओढत असल्याने या ओलीचा कुबट वास बैठकीच्या खोलीपर्यंत यायचा. वेष्टन दुरुस्त करून पाहिले. ठिबकण्याची जागा तेवढी बदलली. व्हेंट बंद केल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात डक्ट कोरडे राहिले आणि वासही गेला.

बंदिस्त जागा निर्दोष आहे, असे नाही. खर्च अनेक हजार डॉलरांत जातो, यंत्राची घरघर वरच्या खोलीत ऐकू येते, त्याचा फिल्टर आणि पाण्याची नळी यांकडे लक्ष ठेवावे लागते. यंत्राऐवजी एसीची थोडी हवा खाली सोडण्याची पद्धतही आहे आणि ती स्वस्त पडते. मात्र एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांत एसी फारसा चालत नाही आणि दमटपणा असतोच, म्हणून मी यंत्र घेतले. वाळवीच्या तपासणीसाठी भिंतीच्या वरच्या कडेला सुमारे 3 इंच पट्टी उघडी सोडायला कंत्राटदाराला आवर्जून सांगावे. खाली घर तापवणारी गॅसची भट्टी असेल आणि ती तिथलीच हवा ज्वलनाला घेत असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही व्हेंट बुजवू नये. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणीही करून घ्यावी.

कोलोरॅडोसारख्या कोरड्या प्रदेशात उघडे व्हेंट बहुधा पुरेसे ठरतील, आणि पूररेषेतल्या घराला पुराच्या पाण्यासाठी वेगळी द्वारे ठेवावी लागतात, तिथे हा हिशोब लागू पडत नाही. पण दमट उन्हाळ्याच्या गावात एसीचे डक्ट घराखालून जात असतील आणि बंदिस्तीचा खर्च लगेच झेपत नसेल, तर मी यंदा पन्हाळी आणि प्लास्टिकवर भागवून बंदिस्तीसाठी पैसे साठवीन. नव्या व्हेंटवर किंवा त्यांत बसवायच्या पंख्यांवर मात्र एक डॉलरही घालणार नाही.