रोजच्या वाचनासाठी मराठी बायबल: छापील प्रत, ॲप आणि हबक्कूकची परीक्षा

मराठी बायबल घ्यायला गेलं की दुकानदार आधी कव्हर पुढे करतो. काळं रेक्झिन, सोनेरी कडा, चेन, वर उठावाचा क्रूस. लग्नात भेट द्यायला छान. पण पहाटे सातपूरच्या फर्स्ट शिफ्टला निघण्याआधी दहा मिनिटं जे पुस्तक उघडायचं, किंवा रात्री दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसून वाचायचं, त्याची किंमत कव्हरवर ठरत नाही. अक्षर केवढं, बांधणी कशी आणि हवा तो अध्याय किती पटकन सापडतो, यावर ठरते. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं छापील 'पवित्र शास्त्र' आणि यूव्हर्जनचं मोफत बायबल ॲप, दोन्ही इथे याच अंगाने पाहिली आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: वाचायला छापील, शोधायला आणि प्रवासाला ॲप. फक्त ॲपवर भागवायचं ठरवलं तर वाचन बहुधा एका वचनावर येऊन थांबतं, आणि त्यात नुकसान आहे. ते पुढे येईलच.

दुकानातच करण्याजोगी एक परीक्षा आहे. जुन्या करारातल्या हबक्कूक या छोट्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढायचा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, घड फुलोऱ्यात असताना बाग बसली, की त्या घरी जाऊन वाचावा असा हा उतारा. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन (३:१७-१८). नुकसान एकेक करून मोजून झाल्यावर मगच 'तरी' येतो, म्हणून नुकसान झालेल्या माणसाला तो ऐकून घेता येतो. अडचण एवढीच, की हे पुस्तक तीनच अध्यायांचं, नहूम आणि सफन्या यांच्यामध्ये दडलेलं. एरवी चांगले वाचकसुद्धा इथे पानं मागेपुढे करत बसतात. थंब इंडेक्स म्हणजे पानांच्या कडेला कापलेले खाचे. त्यातही छोट्या संदेष्ट्यांना, म्हणजे हबक्कूक धरून बारा लहान पुस्तकांना, मिळून एकच खाच असते, हे घेताना पाहून ठेवा. इंडेक्स नसेल तर चिकटवायच्या रंगीत पट्ट्या आणून घरीच लावा. सगळ्या ६६ पुस्तकांना लावायची गरज नाही. स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, यशया, हबक्कूक, चार शुभवर्तमानं, फिलिप्पैकरांस पत्र आणि याकोब, एवढ्यांना पुरे.

आता अक्षर. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे इंग्रजी बायबलमध्ये चालणारा टाइप मराठीत डोळ्यांना जड जातो. चाळिशी लागलेल्याने दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अक्षर तपासू नये. दाराशी, सावलीत उभं राहून स्तोत्र २३ सबंध वाचून पाहा. सहाच वचनं आहेत. अनुस्वार आणि वचनाचा बारीक आकडा एकमेकांत मिसळत असतील तर मोठ्या टाइपची प्रत मागा. ती जाड आणि जड होते, पिशवीत रोज नेण्याजोगी राहत नाही. घरी मोठी प्रत आणि पिशवीत स्तोत्रं जोडलेला छोटा नवा करार, ही जोडी एका मध्यम प्रतीपेक्षा जास्त टिकते.

बांधणी बघायची ती पुस्तकाच्या कण्यावरून. वरच्या टोकाला फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, घड्या वेगवेगळ्या दिसत असतील तर शिलाई आहे. सपाट गोंदाचा थर दिसला तर नुसती चिकटवलेली. हजारावर पानांचं पुस्तक नुसत्या गोंदावर वर्षभर रोज उघडलं की आधी उत्पत्तीची आणि प्रकटीकरणाची पानं सुटतात. नवी प्रत थेट मधोमध उघडून दाबू नये. दोन्ही टोकांकडून वीस-वीस पानं घेऊन हलकेच दाबत मध्यापर्यंत यावं, म्हणजे कण्याला तडा जात नाही. चेनवालं कव्हर दिसायला भक्कम, पण धातूची चेन पानांच्या कडा ओरबाडते. बटणाचं किंवा साधं कापडी कव्हर बरं.

भाषेबद्दल. सोसायटीच्या मराठीत दोन गोष्टी मिळतात. आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) हे चर्चमध्ये वाचलं जाणारं, भारदस्त, लांब वाक्यांचं भाषांतर, आणि सी.एल. (कॉमन लँग्वेज) हे सोप्या, चालू मराठीतलं. पाठांतर करायचं असेल, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचं असेल, तर आर.व्ही.च घ्या. नाहीतर घरचं वचन एक आणि उपासनेतलं एक असा घोळ होतो. पौलाची पत्रं पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मात्र सी.एल. द्यावं; रोमकरांस पत्रातली लांब वाक्यं आर.व्ही.त दम काढतात. सी.एल. घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून पूर्ण शास्त्र आहे की फक्त नवा करार, हे बघून घ्या. कॅथलिक घरात ७३ पुस्तकांचं बायबल लागतं. नेहमीच्या ६६ पुस्तकांच्या प्रतीत टोबित किंवा मक्कबी शोधत बसू नका. टिपांसकट, ललित मराठीत वाचायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं राजहंस प्रकाशनाचं 'सुबोध बायबल' आहे. ते टेबलावर ठेवून अभ्यासायला उत्तम, बसमध्ये हातात धरायला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून आलं. जुन्या घरांत ती प्रत असेल तर रद्दीत घालू नका, एवढंच सांगणं.

ॲपकडे वळू. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि हबक्कूकची परीक्षा ते काही सेकंदांत पास होतं. उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे भाषांतरांच्या यादीत जाऊन मराठी आर.व्ही. निवडून ते डाउनलोड करणं. हे न करता पंचवटी एक्सप्रेसने अप-डाउन करणारे कसारा घाटात नुसती पांढरी स्क्रीन बघत बसतात. ऐकायचं असेल तर नेट लागतं, आणि बोगद्यांत आवाज तुटतो; म्हणून घाटाच्या पट्ट्यात वाचन, पुढे ऐकणं, असा क्रम लावलेला बरा. शोध घेताना शब्द जसा छापला आहे तसाच टाका. मराठीत प्रत्यय लागून शब्द बदलतो, त्यामुळे 'भीती' टाकून 'भिऊ नको' हाती लागेलच असं नाही. दोन्ही रूपं वेगवेगळी टाकून बघा.

ॲपची खरी गोम त्याच्या आठवण करून देण्यात आहे. सलग किती दिवस ॲप उघडलं याचा आकडा ते दाखवत राहतं. मुलांना त्याची गंमत वाटते. आजारपणात किंवा घरात मयत झाल्यावर तो आकडा तुटला की माणसाला उगाच अपराधी वाटतं, आणि नेमकं आधार हवा असतानाच वाचन सुटतं. सेटिंगमध्ये जाऊन सूचना कमी करा आणि तो आकडा मनावर घेऊ नका.

दुसरी अडचण 'आजचं वचन'. सुंदर चित्रावर एक ओळ, आणि सकाळी सात वाजता ती चार व्हॉट्सॲप ग्रुपवर. फिलिप्पैकरांस ४:१३ दहावीच्या परीक्षेच्या दिवशी हमखास फिरतं, जणू पेपर सोपा जाण्याची हमी. आधीची दोन वचनं वाचली तर कळतं, की पौल पोटभर मिळणं आणि उपाशी राहणं या दोन्हींत समाधानी कसं राहायचं ते सांगतोय, आणि हे पत्र तो बंदिवासातून लिहितोय. यिर्मया २९:११ चंही तेच. भल्याचे संकल्प खरे, पण दहाव्या वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत, आणि पाचव्यात बाबेलमधल्या बंदिवानांना घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. नोकरी गेलेल्याला नुसतं अकरावं वचन पाठवलं तर महिन्याभरात त्याला ते खोटं वाटू लागतं. पाच ते चौदा वचनं पाठवली तर थांबण्याच्या दिवसांत काय करायचं तेही हाती येतं. छापील प्रतीचा मोठा फायदा हाच: आजूबाजूची वचनं डोळ्यांसमोर असतातच, ती उघडायला बोट सरकवावं लागत नाही.

किती वाचायचं? सबंध बायबलचे १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतात. हिशोब बरोबर आहे, योजना बहुतेकांसाठी चुकीची. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात केली की शेवटच्या आठवड्यात निर्गम २५ च्या पुढे निवासमंडपाची मापं लागतात, महिनाअखेरीस लेवीय सुरू होतं, आणि वाचन तिथेच बसतं. नव्या वाचकासाठी नवा करार घ्यावा. त्याचे बरोबर २६० अध्याय, म्हणजे आठवड्याला पाच दिवस एक-एक अध्याय धरला तर ५२ आठवडे. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. सुरुवात मत्तयाच्या वंशावळीपासून न करता सोळा अध्यायांच्या मार्कपासून करा. सोबत नीतिसूत्रे: अध्याय ३१, त्यामुळे ज्या तारखेला जो आकडा तो अध्याय. खूणदोरीसुद्धा लागत नाही.

वाईट दिवसांसाठी वेगळी पानं आधीच खुणावून ठेवावीत. त्या दिवशी शोधायची ताकद नसते. थकव्यासाठी १ राजे १९. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपतो, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. डबल शिफ्ट करून आलेल्याला हाच अध्याय द्या. रागावलेल्यासाठी स्तोत्र १३: सहा वचनं, आणि पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न पुन्हा पुन्हा. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आनंदाची ओळ नाही. मयत झालेल्या घरी घाईने सांत्वन करण्यापेक्षा हे बरं. उद्याच्या काळजीसाठी मत्तय ६:२५-३४ सबंध. मोठ्याने दोनदा वाचायचं, त्यातलं एक वचन वहीत उतरवायचं, आणि तेच दिवसभर. रोज नवं वचन घेतलं की संध्याकाळी कोणतंच आठवत नाही. ज्यांना नुसतं वाचन कोरडं वाटतं त्यांनी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक जवळ ठेवावं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यात आहेत, आणि नाशिकच्या शरणपूरला, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, ती वेगळी शिकवावी लागत नाहीत. झोप उडालीय, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो असं पंधरा दिवस चाललं असेल तर वाचनाबरोबर डॉक्टरही हवा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. एलीयालाही आधी भाकरच मिळाली होती.

वॉर्डात किंवा प्रार्थनासभेत वाटायला उतारे छापायचे असतील तर आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) हे भाषांतर वापरा. ते खुल्या परवान्यावर आहे, नाव आणि परवाना नमूद करून छापता येतं. सोसायटीच्या भाषांतराचे हक्क राखीव असतात, त्याची पानंच्या पानं झेरॉक्स करू नयेत.

शेवटी जपणूक. बायबलचा कागद पातळ, साधारण ३० ते ४० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम). झेरॉक्सचा असतो ७० ते ८०. जेल पेन आणि ओला हायलायटर मागच्या पानावर उतरतो. पेन्सिल किंवा कोरडा, मेणाचा हायलायटर वापरा. पावसाळ्यात प्रत भिंतीला टेकवून किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरात बंद ठेवू नका. आत दमट राहून पानं लहरतात, कसर लागते. उन्हात वाळवायलाही ठेवू नका, पंख्याखाली उघडी ठेवा. पान फाटलं तर साधी सेलोटेप नको. ती पिवळी पडते आणि शाई उचलते. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाची पातळ खळ बाइंडरकडे मिळते. शिलाई शाबूत असेल तर नवं कव्हर तोच घालून देतो. नवी प्रत घेण्याआधी त्याच्याकडे एकदा विचारून बघा, कारण जुन्या प्रतीत खुणा आधीच केलेल्या असतात.