रत्नागिरीतील घरपोच नेटवर्क दुरुस्ती: नवा राउटर न विकता सुटलेला प्रश्न

मारुती मंदिर परिसरातील एका लहानशा संगणक दुकानाच्या घरपोच सेवेविषयी हा अभिप्राय आहे. आमच्या हापूसच्या मागण्या व हिशेब घरातील संगणकावर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये (माहिती साठवणाऱ्या प्रणालीत) असतात आणि अंगणापलीकडच्या पॅकिंगच्या खोलीतून लॅपटॉपवर नोंदी होतात. काम सलग चालू असेपर्यंत तक्रार नसे. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली नोंद करायला गेले की मात्र जोडणी तुटल्याचा संदेश ठरलेला. आधी आलेल्या एका तंत्रज्ञाने फारशी तपासणी न करताच महागडा राउटर सुचवला होता.

या दुकानाच्या तंत्रज्ञाने प्रथम जोडणी नेमकी केव्हा तुटते, हे बारकाईने विचारले. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणी मूळ मांडणीनुसार २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी बंद करते; आमच्याकडे ती मांडणी बदललेली नाही, याची खात्री करून त्यांनी सर्व्हरला, म्हणजे डेटाबेस असलेल्या घरातील संगणकाला, दोषमुक्त केले. जांभ्याच्या जाड भिंतींमुळे वाय-फाय क्षीण होते हे खरे, परंतु तेच कारण असते तर चालू कामातही व्यत्यय आला असता, हा त्यांचा तर्क मला विशेष पटला. दोष निघाला पॅकिंगच्या खोलीतील दुसऱ्या राउटरमध्ये. घरातून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) जोडलेली असल्यामुळे तो स्वतंत्र नेटवर्क उभारून एनएटी (एका नेटवर्कमधील पत्ते दुसऱ्यासाठी बदलून देणे) करीत होता आणि काही वेळ हालचाल न दिसलेली जोडणी स्वतःच्या नोंदीतून परस्पर काढून टाकत होता. लॅपटॉप व सर्व्हर मात्र ती शाबूत असल्याच्या समजुतीत राहत.

त्यांनी तो राउटर ॲक्सेस पॉइंट (घरच्याच नेटवर्कचे वाय-फाय पुढे पसरवणारे साधन) म्हणून लावला, आयपी पत्ते (नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाचे क्रमांक) वाटण्याचे काम घरच्या राउटरकडेच ठेवले आणि डेटाबेसच्या संगणकाला कायमचा पत्ता दिला. शिवाय विंडोजमध्ये मुळात दोन तासांनी होणारी कीप-अलाइव्हची, म्हणजे निष्क्रिय जोडणी अजून जिवंत आहे का याची, चाचपणी पाच मिनिटांवर आणली. माझ्या मते पहिल्या बदलानंतर तिची गरज नव्हती, पण अपायही नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बदललेल्या मांडणीची लेखी नोंद मागूनही मिळाली नाही. अंगणातील केबल पाइपमधून न नेता उघडीच सोडली, हे तर खाऱ्या हवेच्या आणि चार महिने कोसळणाऱ्या पावसाच्या मुलखात अक्षम्य आहे. शहराबाहेर येण्याचा खर्च वेगळा घेतात. तो बोलावतानाच विचारून घ्यावा.