पीसी की प्लेस्टेशन ५?

गेमिंगसाठी पैसे साठवलेत आणि कशावर घालायचे ते ठरत नाहीये? माझा कौल पीसीला. पण त्याचा ताप आधी ऐका.

प्लेस्टेशनसारखा कन्सोल टीव्हीला जोडला, कंट्रोलर हातात घेतला की खेळ सुरू. पीसीवर आधी ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट, मग शेडर (गेममधला रंग-प्रकाश दाखवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होईपर्यंत वाट, मग कोणती सेटिंग कमी केली की गेम अडखळत नाही याचा शोध. त्यात नाशिकचा मे महिना. पारा चाळिशीला टेकला की पंखे घोंघावू लागतात. कॅबिनेटची पुढची जाळी उघडून बघा, धुळीचा करडा थर बसलेला असतो. ब्रशने तो काढला की प्रोसेसरला हवा मिळते. वीज गेली की मात्र दोन्ही सारखेच, यूपीएस हवाच.

तरीही पीसी, कारण मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल! २०११ सालचा स्कायरिम हा गेम लोक आजही नव्या रूपात खेळतात. प्लेस्टेशनवरही त्याचे मॉड्स आहेत, पण मोजके. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम आवडला नाही तर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास, पैसे परत मागता येतात. ऑनलाइन खेळायला स्टीम वेगळी वर्गणी घेत नाही. प्लेस्टेशनवर बहुतेक विकतच्या गेमना ती लागते. शिवाय त्याच मशीनवर कॉलेजचे प्रोजेक्ट होतात, हे घरच्यांना पटवायला फार कामी येतं.

प्लेस्टेशनच्या गेमची डिस्क मात्र खेळून झाल्यावर विकता येते, स्टीमवरचा गेम नाही. आणि भावंडांना एकाच टीव्हीसमोर बसून फुटबॉलच खेळायचा असेल, तर बिनधास्त कन्सोल घ्या.