कोलन हायड्रोथेरपी की घरचा एनिमा? दोन्ही केलंय म्हणून सांगतो

पोट साफ होत नाही म्हणून वैतागून मी दोन्ही केलंय, आधी क्लिनिकमधलं मशीनवालं (हायड्रोथेरपी, म्हणजे मागून नळीने पाणी सोडून मोठं आतडं धुणं) आणि काही महिन्यांनी घरी मेडिकलमधला तयार एनिमा.

हायड्रोथेरपीची भीती वाटते तेवढं दुखत नाही. नळी घालताना दोन मिनिटं लाज वाटते, मग कोमट पाणी थोडं थोडं भरतात आणि सोडतात, असं पाऊण तास तरी चालतं, सगळं मिळून 60 लिटरपर्यंतही पाणी फिरवतात म्हणे. मध्ये पोट तट्ट फुगतं, मुरडा येतो, पण पाणी सुटलं की जे हलकं वाटतं ते भारीच, खोटं कशाला बोलू. पारदर्शक नळीकडे बघत 'बघा किती टॉक्सिन निघाले' ही कॉमेंट्री मात्र नको होती. अहो, जे निघायचं तेच निघालं, टॉक्सिनचं काम लिव्हर-किडनी बघतात.

पण माझं मन फिरलं ते त्यानंतर. टॉयलेटला बसवलं, झालं वाटलं, कपडे घातले, निघालो, आणि अर्ध्या रस्त्यात परत कळ! आत राहिलेलं पाणी कधी निघेल याचा काही नेम नाही. संध्याकाळपर्यंत माझा जीव टॉयलेट कुठंय यातच. हे कुणी आधी सांगतच नाही. दुसऱ्या वेळी सुट्टी टाकून गेलो तरी तेच.

एनिमात हे टेन्शन नाही. शंभर-सव्वाशे मिली औषध, डाव्या कुशीवर झोपायचं, 5-10 मिनिटांत जोरात लागते आणि अर्ध्या तासात विषय संपतो, तोही आपल्याच बाथरूममध्ये. आता तो फक्त शेवटच्या भागापर्यंतच पोचतो, मोठं आतडं दीड मीटरचं, त्यामुळे 'आख्खं रिकामं' वाटत नाही, कुणाला तेच हवं असेल तर मशीन बरं वाटेलही. पण अडकलेलं असतं ते बहुतेक तिथेच, निदान माझं तरी.

किडनीचा, हार्टचा त्रास, मूळव्याध, आतड्याला सूज किंवा नुकतं ऑपरेशन असेल तर दोन्हीच्या आधी डॉक्टरांना विचारा, फॉस्फेटवाला एनिमा (मेडिकलमधला तयार बहुतेक हाच असतो) तर किडनीवाल्यांनी मनाने घेऊच नये आणि बाकीच्यांनीही 24 तासांत एकच. रक्त पडत असेल तर आधी तपासणी, बाकी सगळं नंतर.

माझ्या पॅकेजमधली तीन सेशन अजून शिल्लक आहेत. फोन येतात, मी उचलत नाही.