लायब्ररी म्युझिक सुरू करताय? मग रीपर घ्या

प्रॉडक्शन म्युझिक लायब्ररीसाठी, म्हणजे जाहिराती, मालिका, माहितीपटांना तयार संगीत पुरवणाऱ्या संग्रहासाठी, ट्रॅक करायला लागलेली मुलं-मुली मला पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. माझं उत्तर ठरलेलं आहे: रीपर, संगणकावर संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर.

लायब्ररीला नुसता ट्रॅक देऊन भागत नाही, अख्खा संच द्यावा लागतो. मूळ दोन-अडीच मिनिटांचा ट्रॅक, त्याचीच ६०, ३० आणि १५ सेकंदांची रूपं, एक स्टिंग (काही सेकंदांचा छोटा तुकडा), मुख्य चाल काढलेली प्रत (निवेदकाच्या आवाजावर बासरी चढायला लागली की एडिटर दुसरा ट्रॅक शोधतो), शिवाय तालवाद्यं, बेस, तंतुवाद्यं यांचे वेगवेगळे स्टेम्स (प्रत्येक गटाची सुटी फाइल). बहुतेक ठिकाणी ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह चालते. दहा ट्रॅकचा अल्बम म्हटला की फायली शंभराच्या घरात जातात. चाली भराभर सुचणारी माणसंही इथे दमतात.

रीपरमध्ये मी ही सगळी रूपं एकाच प्रोजेक्टमध्ये, टाइमलाइनवर एकापुढे एक मांडते आणि प्रत्येकावर एक रीजन (नाव दिलेला पट्टा) टाकते. मग ‘रीजन रेंडर मॅट्रिक्स’ हा तक्ता उघडायचा (रेंडर म्हणजे अंतिम फाइल बनवणं). कुठल्या रीजनचा पूर्ण मिक्स हवा, कुठल्याचे स्टेम्स हवेत, त्या चौकटींवर खुणा करायच्या. एकदा सांगून ठेवलं की फाइलच्या नावात रीजनचं आणि त्या-त्या वाद्याच्या ट्रॅकचं नाव आपोआप येतं. संगीतकाराचं नाव, वर्णन हा मेटाडेटाही रेंडर करतानाच वेव्हमध्ये भरता येतो. ‘ड्राय रन’ केलं तर फाइल न बनवताच लाउडनेसचे (आवाज किती मोठा याचे) आकडे कळतात, त्यामुळे १५ सेकंदांची प्रत मूळ ट्रॅकपेक्षा दबकी निघत नाही.

मी मिरजेची. माझ्या ट्रॅकमधला तंबोरा सतारमेकर गल्लीतला आहे आणि तो मी खराच वाजवून घेते, कारण सॅम्पलचा तंबोरा सगळ्यांकडे असतो. पण खऱ्या तंबोऱ्यावरचा तुकडा ३० सेकंदांत बसवणं नाजूक काम आहे. आवर्तनाच्या मधेच कापलं तर कान लगेच अडखळतो. खर्जाची तार वाजून पुढच्या पंचमाच्या आधी कापायचं, रिपल एडिटिंग (कापलं की पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं ती सोय) चालू ठेवून मधला भाग सगळ्या वाद्यांच्या ट्रॅकवरून एकदम काढायचा आणि जोडावर लांबट क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक तुकडा विरत जाताना दुसरा चढत येतो. विलंबित आलापाला आधीपासून क्लिक (लयीची टिकटिक) लावायची गरज नाही. आधी वाजवा, टेम्पोचे मार्कर नंतर त्या वादनावर बसवा. हे काम मला इथे फार सुखाचं वाटतं.

उणीव एकच, पण मोठी. रीपरसोबत वाद्यांचे आवाज जवळजवळ येतच नाहीत. पियानो, स्ट्रिंग्ज, ड्रम्स सगळं बाहेरून आणावं लागतं. सुरुवातीला स्पिटफायर कंपनीच्या ‘लॅब्ज’ या मोफत वाद्यांवर बरंच निभतं. तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे आयते तुकडे) मात्र शक्यतो वापरू नका. तोच लूप दुसऱ्या कुणाच्या ट्रॅकमध्ये असला की यूट्यूबच्या कंटेंट आयडीवर (कुणाचं संगीत वापरलंय ते ओळखणाऱ्या यंत्रणेवर) हक्काचे दावे उभे राहतात. रीपरच्या सेटिंगांचं जंगल पहिल्यांदा घाबरवतं, पण केनी जोयाचे मोफत व्हिडिओ बघत गेलात तर वाट सापडते.

विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ६० दिवस पूर्णपणे, काहीही कुलूपबंद न ठेवता वापरता येतं. त्यानंतर ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडं वर. संगीतातून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त मिळकत असेल तर २२५ डॉलर. आज सातव्या आवृत्तीचा परवाना घेतला तर आठवी आवृत्तीही त्यातच येते.

लॉजिक किंवा क्यूबेससारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आधीच हात बसला असेल तर ते सोडू नका. ट्रॅक कशात केला हे लायब्ररी विचारत नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र या ६० दिवसांत एक तरी ट्रॅक सगळ्या कट्स आणि स्टेम्ससकट पुरा करावा. दरम्यान आयपीआरएसच्या, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या, सदस्यत्वाचा अर्ज भरून टाका, कारण लायब्ररीचा फॉर्म आयपीआय नंबर मागतो; संगीतकाराचा हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक अशा संस्थेमार्फतच मिळतो.