बालभारतीचं तिसरीचं 'परिसर अभ्यास': गाइड नको, हे पुस्तक पुरे

जून आला की वर्गाच्या पालक गटावर एक प्रश्न हमखास येतो: परिसर अभ्यासाला कुठलं गाइड घ्यायचं? माझं उत्तर सरळ आहे. कुठलंच घेऊ नका. बालभारतीचं पुस्तक आमच्या मुलांना शाळेतून मोफत मिळतं आणि ते पुरतं. गाइड घरात आलं की उलट त्या पुस्तकाचं मातेरं होतं. माझी दोन्ही मुलं याच पुस्तकावरून शिकली. थोरला आता पाचवीत, धाकटी यंदा तिसरीत, दोघंही वाईजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी शिवणकाम करते. माझं मशीन चालू असतं आणि त्यांचा अभ्यास शेजारी सतरंजीवर चालू असतो, त्यामुळे पुस्तकाचं पान न् पान कानावरून गेलेलं आहे.

आमच्या वेळी तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असायचा, चौथीला महाराष्ट्राचा, पाचवीला भारताचा. साताऱ्याचे 11 तालुके, नद्या, धरणं, पिकं आम्ही घडाघडा म्हणायचो. 2014 साली आलेल्या या पुस्तकात विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र असे कप्पे नाहीत. 'अबब! किती प्रकारचे हे प्राणी', 'दिशा आणि नकाशा', 'पाणी नक्की येते कोठून?', 'स्वयंपाकघरात जाऊया', 'जसजसे वय वाढते' अशी धड्यांची नावं आहेत. घर, शाळा, गाव, पाणी, जेवण, शरीर, कपडे. आठ वर्षांच्या पोराचा वावर जिथवर, तिथवरच पुस्तक जातं. मला ही मांडणी पटते, कारण धड्यात जे लिहिलंय ते खरं का खोटं हे पोराला घराच्या आसपासच तपासून बघता येतं.

'दिशा आणि नकाशा' हा माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात मोलाचा धडा. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. हे पाठ होतं लगेच. कागदावर उतरवताना मात्र मुलं अडतात, कारण नकाशात 'वर' म्हटलं की त्यांना आभाळ वाटतं. धाकटीच्या बाईंनी वर्गाचा नकाशा आधी जमिनीवर खडूने काढून घेतला, उत्तर उत्तरेकडेच ठेवून. मग तोच कागदावर काढला आणि शेवटी कागद भिंतीवर लावला. भिंतीवरच्या नकाशात वरची बाजू उत्तर का असते, हे पोरांना असं हाताने कळलं. घरी येऊन हिने आमच्या घराचा नकाशा काढला. मशीन, मोरी, आजीची खाट, सगळं त्यात आलं. खिडकीतून ऊन कधी येतं यावरून पूर्व कुठली, हे तिने आजीशी वाद घालून ठरवलं. या वयाला भूगोल असाच शिकवायला हवा.

पाण्याचे धडे एकापाठोपाठ एक आहेत, आणि त्यांच्यासाठी आम्हाला लांब जावं लागत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे, तिथून नदी आमच्या घाटांवरून पुढे जाते. धाकटीने नळापासून उलटं विचारायला सुरुवात केली. नळात कुठून येतं? टाकीत कुठून? नदीत? धरणात? शेवटी पावसापाशी पोचली. पुस्तकाचं काम तिथे होतं, पुढचं घरच्यांनी करायचं. माझं माहेर माण तालुक्यातलं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये जेमतेम 500 च्या आसपास. मामाच्या गावी टँकर का येतो, हे मी तिला याआधी कधी नीट सांगू शकले नव्हते. या धड्यानंतर सांगता आलं: ढग सह्याद्रीला अडतात, तिथेच बरसतात, पूर्वेकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही. 'मग आपलं त्यांना द्यायचं ना,' असं ती लगेच म्हणाली. तेव्हा जिहे-कठापूर योजनेची गोष्ट निघाली, कृष्णेचं पाणी उचलून खटाव-माणकडे नेण्याची. तिसरीतल्या मुलीशी उपसा सिंचनावर बोलता येतं, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

'आपले कपडे' हा धडा माझ्या धंद्याचा, म्हणून बारकाईने वाचला. तो थोडक्यात उरकलाय असं माझं मत. मी चिंध्यांच्या पिशवीतून तिला सुती, टेरिकॉट आणि खणाचे तुकडे काढून दिले. उभा धागा, आडवा धागा, काठ ओळखायला लावले. कापड कुठल्या बाजूला ओढलं की ताणतं, हे तिने स्वतः बघितलं आणि तिरकं ओढल्यावर सगळ्यात जास्त ताणतं हे तिलाच सापडलं. आजीच्या अंथरुणात माहेरहून आलेली म्हसवडची घोंगडी आहे. ती मेंढीच्या लोकरीची, म्हणून थंडीची वेगळी. ही जोड प्रत्येक घराला आपापल्या कामातून देता येईल. कुणाचा बाप गवंडी असेल, कुणाची आई हळद शिजवत असेल.

पानापानावर 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' असे मथळे येतात. पुस्तकाचा जीव त्यांत आहे, आणि गाइड नेमकं तेच मारतं. घरी पाणी कुठून येतं, या प्रश्नाचंही उत्तर त्यात तयार असतं: 'आमच्या घरी पाणी नळाने येते.' मग वर्गातल्या निम्म्या वह्यांत तीच ओळ उतरते, आणि लिहिणाऱ्यांतली काही पोरं विहिरीचं पाणी पिणारी असतात. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घराबद्दल दुसऱ्याचं वाक्य लिहायला लावणं मला फार वाईट वाटतं.

आता तक्रार. तिसरीच्या या पुस्तकाची जिल्हावार आवृत्ती निघते, पण बहुतेक धडे सगळ्या जिल्ह्यांना तेच. जिल्ह्याच्या वाट्याला थोडी पानं येतात. जुन्या भूगोलातलं पाठांतर मला परत नको आहे. पण कोयनेच्या पाण्यावर वीज होते, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, या गोष्टी पाण्याच्या आणि अन्नाच्या धड्यांच्या पोटातच यायला हव्यात. जिल्ह्यासाठी वेगळं पुस्तक छापायचंच, तर ते त्या मातीचं असावं.

थोरला तिसरीत होता तेव्हा, 2023-24 मध्ये, सगळे विषय एकत्र करून पुस्तकाचे चार भाग केले होते आणि नोंदींसाठी मध्ये कोरी पानं दिली होती. दप्तर हलकं झालं, हे मान्य. पण आधीच्या भागातला धडा पुन्हा बघायचा तर तो भाग शोधावा लागे. 2025-26 पासून ती पद्धत बंद झाली. मला एका विषयाचं अखंड पुस्तकच बरं वाटतं, कारण या विषयात मागे जावंच लागतं. पाण्याचा धडा पावसाळ्यात एक दिसतो आणि एप्रिलमध्ये वेगळाच.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीचा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये बदलला. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीचा बदल 2026-27 साठी ठरला, म्हणजे तिसरीचं हे पुस्तकही त्यात आलं. म्हणून ज्यांची मुलं दुसरीत किंवा पहिलीत आहेत त्यांनीही हे पुस्तक मिळवून ठेवावं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घेता येते. आपला जिल्हा बघून निवडा. मुलं इंग्रजी शाळेत असतील आणि घरी मराठी वाचायला लावायचं असेल, तरी यातली भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत. पहिल्या पानापासूनच सुरू करायला हवं असं नाही. उन्हाळ्यात पाण्यापासून करा, थंडीत कपड्यांपासून, घरी पाहुणे येणार असतील तर स्वयंपाकघरापासून. आणि उत्तरं वहीत मुलाच्याच शब्दांत राहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येतं.